भुयारातला जास्तीचा बार

‘चूक आणि खोटं, दोन्ही एकाच माणसाच्या हातून एकाच दिवशी घडलं, तर सूड नेमका कशाचा घ्यायचा?’

नवसाबाई विधाते यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या आपल्या जागेवर झेंडूच्या ढिगामागे बसल्या होत्या. हातातली सुई थांबली नव्हती. चूक आणि असत्य यांतला भेद ग्रंथांतून पुष्कळ चर्चिलेला आहे. पण त्या चर्चेतले एकही वाक्य त्या क्षणी उपयोगाचे वाटले नाही. नवसाबाईंना उत्तराची फारशी अपेक्षाही नसावी. त्यांचा सूड तोवर घेऊन झाला होता.

तो ज्याच्यावर घेतला तो पुंजा, त्यांचा सख्खा थोरला भाऊ.

माहेर मखमलाबादचे. मळ्यात फुले आणि पालेभाजी, आणि पावसाळा सरला की वडिलांची यारी. विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणारे हे लोखंडी यंत्र त्या काळी नाशिकच्या आसपास कोणत्याही शिवारात दिसे. वडिलांमागून यारी पुंजाकडे आली. नव्वदच्या दशकात दिंडोरी-गिरणारे पट्ट्यात द्राक्षबागा वाढत गेल्या, बागांना पाणी हवे होते, आणि पुंजाच्या टोळीला उसंत नव्हती. नवसाबाईंचे लग्न आडगावच्या मोतीराम विधात्यांशी झाले, तेव्हा मोतीरामही मेहुण्याच्या टोळीत आला. स्वभावाने तो गप्प माणूस. होळीला, कधी लग्नाच्या वरातीला घोटभर घेई, एरवी नाही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो म्हणून येथेच नोंदवतो.

विहीर खोदणाऱ्यांच्या कामात एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो. कातळात भोके पाडून त्यांत सुरुंगाची दारू भरतात. वाती कमी-जास्त लांबीच्या ठेवतात. त्यामुळे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. मोजण्याचे काम यारीच्या मालकाचे. लावले तितके वाजले, की तो काठावरून मोठ्याने म्हणतो, ‘पुरे!’ हा शब्द पडल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही, आणि पडल्यावर कोणी शंका घेत नाही. आवाज एकाने जरी कमी भरला, तरी त्या दिवशी काम बंद. पुंजाच्या टोळीत त्याला ‘विहीर निजवणे’ म्हणत. सकाळपर्यंत तिच्यात पाय टाकायचा नाही, मग मालक कितीही ओरडो.

पुंजाचा कान पंचक्रोशीत नावाजलेला होता. दोन बार एकमेकांना चिकटून उडाले तरी तो ते वेगळे ओळखी. लहानपणी नवसाबाई भाकरी घेऊन विहिरीवर जात, तेव्हा तो त्यांना शेजारी बसवून घेई आणि बोटे धरायला लावी. ‘डोळे मीट, नवसे. डोळ्यानं मोजता येत नाय.’ मोजायला त्यांना दादानेच शिकवले.

दोन हजार सालानंतर बोअरवेलची गाडी गावोगाव फिरू लागली. एका दिवसात पाणी लागत असताना महिनोन्‌महिने विहीर कोण खोदणार? टोळीतली माणसे पांगली. अशा वेळी मनमाडच्या एका ओळखीच्या माणसाने निरोप आणला: उत्तरेकडच्या एका महानगरात जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेचा मार्ग पुढे वाढवला जात आहे; नव्या टप्प्यात हवा खेळवण्यासाठी उभी विवरे खणायची आहेत; जागा अडचणीची, मोठी यंत्रे नेता येत नाहीत; एका छोट्या पोटकंत्राटदाराला विहिरीवरची माणसे हवी आहेत. पुंजा टोळी घेऊन गेला. मोतीरामही गेला. २००३ची दिवाळी त्यांनी तिकडेच केली.

त्यांच्या दृष्टीने ती विहीरच होती. फरक इतकाच, की तळाला पोचल्यावर तिला आडवी वाट फोडायची होती आणि ती वाट आधी तयार झालेल्या बोगद्याला नेऊन मिळवायची होती. चूक झाली ती या आडव्या वाटेत, आणि ती केवळ विहीरवालाच करू शकला असता. विहिरीचे तोंड आभाळाकडे उघडे असते. बाराचा आवाज वर जातो आणि संपतो. आयुष्यभर पुंजाच्या कानाला हेच ठाऊक. भुयारात आवाज संपत नाही. मधला कातळ त्या दिवशी पातळ झालेला होता, कुठेतरी फट पडली होती. बाराचा आवाज पलीकडच्या रिकाम्या बोगद्यात गेला, लांबवर आपटला आणि परत आला. परत आलेला तो आवाज पुंजाने बार म्हणून मोजला. हिशेब जुळला. एक बार भरलेलाच राहिला होता.

‘पुरे,’ पुंजा म्हणाला. मोतीराम पहार घेऊन आत गेला.

ही झाली चूक. दुसरी गोष्ट दुपारी घडली. चौकशीला आलेल्या साहेबांपुढे पुंजा म्हणाला, ‘मी सांगितलंच नव्हतं उतरायला. सकाळपासनं प्यायलेला होता. आपल्याच तारेत गेला.’ टोळीतल्या माणसांनी खाली मान घालून हो म्हटले. कागद झाले. मोतीरामचा देह जानेवारी २००४मध्ये आडगावला आला, आणि त्याच्याबरोबर ही कहाणीही आली. देहाला अग्नी मिळाला. कहाणी मागे राहिली.

नवसाबाईंना पहिले वर्षभर तिच्यात खोट दिसली नाही. दादा सांगतो म्हणजे खरे असेल, परमुलखात एकटेपणाने घेत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्या मेलेल्या नवऱ्यावर चिडत. एकदा त्याच्या फोटोचा हार काढून ठेवला होता, असे त्यांनी सांगितले, आणि हे सांगताना त्यांचा आवाज ज्या तऱ्हेने कडक झाला त्यावरून वाटले, की पुंजाच्या सगळ्या अपराधांत त्यांच्या लेखी हा मोठा आहे: त्याने त्यांना त्यांच्याच माणसावर वर्षभर रागवायला लावले.

२००५च्या उन्हाळ्यात मुलीचे, मनीषाचे, लग्न देवळ्याकडच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या घरी ठरत आले होते. सुपारीच्या आदल्या दिवशी निरोप आला. मुलाची आत्या चंद्रभागा स्वतः आली होती, हेही एक सौजन्यच म्हणायचे.

‘पोरगी गुणाची हे, त्यात वाद नाय. पण बाप दारू पिऊन मेला म्हणतात. उद्या आमच्या घरात तेच रक्त यायचं.’

मनीषा आत भाजी निवडत होती. तिने सारे ऐकले, आणि आईला एवढेच विचारले, ‘आण्णा खरंच प्यायचे का गं?’ नवसाबाईंना हो म्हणवेना आणि नाही म्हणायला आधार नव्हता.

आधार त्याच महिन्यात द्वारकेला चालत आला. पुंजाच्या टोळीतला ललित नावाचा गडी आता टेम्पो चालवत होता. गाडीच्या पूजेसाठी हार घ्यायला थांबला, समोर कोण बसले आहे ते पाहिले, आणि परत फिरू लागला. नवसाबाईंनी हाक मारली.

‘का रे? माझ्या झेंडूला वास येतो का?’

‘नाय वहिनी. तसं नाय.’

‘मग बस. मनीषाची सुपारी मोडली, ऐकलं असशील.’

ललित बसला. त्याने हार हातात घेऊन फिरवला. मग म्हणाला, ‘मोतीरामभाऊ प्यायला नव्हता. आम्ही कोणी चहासुद्धा घेतला नव्हता त्या दिवशी, दूधच आलं नव्हतं. पुंजामामांनी पुरे म्हटलं, म्हणून तो गेला.’

‘तू साहेबाला काय सांगितलंस?’

‘मामांनी सांगितलं तेच.’

‘हार घे,’ नवसाबाई म्हणाल्या. ‘पैशे नको. आणि पुन्हा या कोपऱ्याला गाडी थांबवू नको.’

त्या वर्षीच्या भाऊबीजेला त्या मखमलाबादला गेल्या. पाट मांडला होता, पुंजा टोपी घालून बसला होता, त्याची बायको कुसाबाई ताट घेऊन उभी होती. नवसाबाईंनी ओवाळले नाही. निरांजन ताटातच ठेवून त्यांनी विचारले, ‘दादा, त्या दिवशी पुरे कोण म्हणालं?’

पुंजा दचकला असेल तर ते दिसले नाही. आधी त्याने नाकारले. ललितचे नाव निघाल्यावर त्याने कुसाबाईला बाहेर जायला सांगितले आणि आवाज उतरवला.

‘माझा कान फसला, नवसे. तिथं आवाज माघारी येतो, मला काय ठाव? पण ते सांगितलं असतं तर यारी गेली असती. टोळी गेली असती. परत कोण उतरलं असतं माझ्या शब्दावर?’

‘म्हणून त्यांना दारुडा केलंस?’

‘मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?’

पहिल्या वाक्यापाशी तो थांबला असता तर, नवसाबाई म्हणतात, कदाचित त्या रडल्या असत्या आणि निरांजन पुन्हा उचलले असते. शेवटच्या वाक्याने ते दार बंद झाले. त्या उठल्या. ‘त्यांना नसंल पडत. तुला पडंल. चारचौघांत खरं सांग, नायतर तुझा शब्द मी मातीत घालते.’

‘तू?’ पुंजा हसला. ‘तू काय करणार? हार विकणार?’

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नवसाबाई पोलिसांत गेल्या नाहीत, भावकीची बैठक बोलावली नाही. भावाकडे शेत होते, घर होते, मुलगा मनमाडला रेल्वेत लागलेला होता. यांपैकी कशालाच त्यांना हात लावायचा नव्हता. त्याचे खरे भांडवल म्हणजे एक शब्द होता, काठावरून उच्चारलेला, आणि त्यावर विश्वासून उतरणारी माणसे. मोतीरामचे नाव त्याने त्या शब्दाच्या रक्षणासाठी खर्ची घातले होते. त्यांना तोच शब्द हवा होता.

नव्या विहिरी कमी झाल्या तरी जुन्या खोल करण्याचे काम पुंजाकडे अजून येत होते. दिवाळीनंतर त्याने यारी दरी-मातोरीच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात लावली. तिसऱ्या प्रहरी बार उडायच्या वेळेला नवसाबाई तेथे पोचल्या. डोक्यावर फुलांची पाटी. काठापासून थोड्या अंतरावर, मालकाच्या आंब्याखाली त्या बसल्या आणि डोळे मिटले. बार उडाले. पुंजा म्हणाला, ‘पुरे!’

‘नक्की का, दादा?’

आवाज मोठा नव्हता. कोणी घरातली बाई मीठ पुरे का विचारते, तसा. टोळीतल्या माणसांनी वळून पाहिले. मोतीराम विधात्याची बायको कोण ते सगळ्यांना माहीत होते.

‘ही हितं कशाला आली?’ पुंजा ओरडला.

‘भावाला भेटाया. त्याला कोणी नाय म्हणंल का? मोजलेस ना नीट? मागं एकदा जास्तीचा मोजला होतास, म्हणून इचारते.’

माणसे उतरली त्या दिवशी. पण उतरण्याआधी थांबली, आणि ते थांबणे पुंजाने पाहिले.

त्यानंतर दीड वर्ष जेथे यारी, तेथे नवसाबाई. सकाळचा बाजार द्वारकेला, दुपारची एसटी किंवा कोणाचा टेम्पो. पुंजाने जागा कळू न देण्याचा प्रयत्न केला. पण यारी ही लपवायची वस्तू नव्हे, आणि बाजारात फुले आणणाऱ्या बायका तिची बातमी रोज आणत. भागुबाई नावाची मेथीवाली तर आल्या आल्या ओरडे, ‘नवसाबाई, तुझ्या भावाचं लोखंड जलालपूरला उभं हे गं!’ एका मालकाने नवसाबाईंना मळ्यात यायला बंदी केली, तर त्या बांधाच्या बाहेर रस्त्यावर बसल्या. ‘नक्की का, दादा?’ तेथूनही ऐकू गेले. पुंजाने एकदा हात उगारला. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘मार. आणि सांग लोकांना, मीबी प्यायले होते.’ बघ्यांत हशा पिकला. मारण्यापेक्षा ते हसणे पुंजाला अधिक लागले असावे. टोळीतली पोरे पुढे पुढे कामावर बसल्या जागी, जेवताना, भाकरी मोडताना एकमेकांना विचारू लागली: ‘नक्की का, दादा?’

एकेक माणूस गळाला. कोणी सरळ सोडून गेला, कोणी पाय दुखण्याचे निमित्त केले. बार उडून गेल्यावर ‘पुरे’ म्हणायला पुंजा आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लावी. ज्या कानावर त्याने घर चालवले, त्याचा त्याला स्वतःलाच भरवसा उरला नव्हता. दोन वेळा तर सगळे बार वाजलेले असूनही त्याने विहीर निजवली. नवसाबाईंनी ते मोजले होते. त्यांना माहीत होते, त्या बोलल्या नाहीत. मनीषा त्यांना म्हणे, ‘आई, बास आता. लोक हसतात.’ त्यांचे उत्तर ठरलेले असे: ‘कोणाला हसतात ते बघ.’

शेवट २००७च्या एप्रिलमध्ये गिरणारे येथे झाला. शेखर नावाचा तरुण बागायतदार, बाग वाळत चाललेली, टँकरवर दिवस काढणारा. पुंजाकडे तीनच गडी उरले होते. आजूबाजूचे काही शेतकरी पाणी लागते का ते पाहायला जमले होते. आठ भोके भरली होती. बार उडाले, धूर वर आला, आणि पुंजा म्हणाला, ‘पुरे.’

कोणी हलले नाही.

‘अरे, उतरा की,’ शेखर म्हणाला. ‘म्हणाले ना ते.’

‘बाई काय म्हणतात बघू,’ एक गडी म्हणाला.

ज्या माणसाच्या शब्दावर टोळ्या उतरत आल्या, त्याच्या तोंडावर त्याचाच गडी दुसऱ्याचा कौल मागत होता. पुंजाचा चेहरा काळवंडला. ‘कोणी येऊ नका. मी उतरतो,’ असे म्हणून त्याने यारीची बादली ओढली आणि एक पाय आत घातला.

नवसाबाईंनी आठही बार ऐकले होते. स्वच्छ, सुटे सुटे, एकाही आवाजाविषयी शंका नव्हती. विहीर सुरक्षित होती. त्या उठून काठापर्यंत आल्या.

‘दादा, सात झाले,’ त्या म्हणाल्या. ‘एक राहिलाय.’

पुंजा तसाच उभा राहिला, एक पाय बादलीत, एक जमिनीवर. त्याचे ओठ हलत होते. बहुधा तो मनात पुन्हा मोजत असावा. पण गेलेला आवाज दुसऱ्यांदा मोजता येत नाही. त्याने खाली पाहिले, बहिणीकडे पाहिले. तिचा कान त्यानेच घडवलेला होता, आणि तो फसत नाही हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते.

‘उतर,’ नवसाबाई म्हणाल्या. ‘त्यांना उतरवलंस तसा उतर. तुझी खातरी असंल तर.’

त्याने पाय बाहेर काढला. तो मुरमाच्या ढिगाऱ्यावर बसला, आणि जमलेल्या माणसांपुढे, कोणाकडेही न पाहता बोलू लागला. दाजी प्यायला नव्हता. पुरे मीच म्हटलं होतं. माझ्या शब्दावर तो गेला. सायबाला मी खोटं सांगितलं. शेखरला यातले काही कळत नव्हते. तो ‘कोण दाजी? कोण साहेब?’ असे विचारत राहिला, आणि शेजारच्या शेतकऱ्याने त्याला गप्प केले.

‘मोठ्यानं बोल,’ नवसाबाई म्हणाल्या. ‘मागच्यांना ऐकू नाय आलं.’

त्याने मोठ्याने सांगितले. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग पाटी उचलून त्या गिरणाऱ्याच्या फाट्याकडे चालू लागल्या.

विहीर निजवण्यात आली. सकाळी गडी उतरले तेव्हा आठही भोके फुटून मोकळी झालेली दिसली. शेखर स्वतः द्वारकेला आला. ‘बाई, बार तर सगळे वाजले होते. माझा एक दिवस फुकट गेला.’

‘वाजले असतील. माझा कान फसला,’ असे म्हणून नवसाबाईंनी त्याला बागेच्या पूजेला एक हार तसाच दिला.

त्याच आठवड्यात कुसाबाई आली. तिने दुकानासमोर उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता सुनावले. ‘त्यांच्या हातनं चूक झाली. तू जाणूनबुजून केलंस. सख्ख्या भावाला मरणाचं भ्या दाखवलंस. काय फरक राहिला दोघांत?’

‘काय बी नाय,’ नवसाबाई म्हणाल्या. ‘पण मी कोणाला मारलं नाय, वहिनी. आणि कोणाला दारुडा केलं नाय.’

गोष्ट महिनाभरात पसरली. देवळ्याहून चंद्रभागा पुन्हा आली; मुलाचे अजून जमले नव्हते, जुने विसरून जाऊ म्हणाली. नवसाबाईंनी तिला चहा दिला, शेव दिली आणि म्हणाल्या, ‘तुमच्या रक्ताची आम्हाला आता चौकशी करावी लागंल. खोटं ऐकून लगेच खरं मानणारं रक्त हे ते.’ मनीषाने नंतर दिंडोरीच्या एका शिक्षकाशी लग्न केले. मोतीरामच्या फोटोला रोज नवा हार चढू लागला, आणि तो नवसाबाई विकायच्या फुलांतला पहिला असे.

पुंजाला त्यानंतर कोणी विहिरीवर बोलावले नाही. २००८च्या मार्चमध्ये त्याने यारी भंगारात दिली आणि कुसाबाईला घेऊन तो मुलाकडे राहायला गेला. पहिल्या भाऊबीजेला त्याने ललितकरवी निरोप पाठवला, की ओवाळून घ्यायला येऊ का. नवसाबाईंनी पाट मांडला नाही. पुढच्या वर्षी निरोप आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला.

पुंजा जानेवारी २०१३मध्ये मनमाडला वारला. नवसाबाई त्या दिवशी द्वारकेला फुले विकत होत्या.